तळटीप १४ : ‘पाठीवरच्या पट्ट्या’

१४. पाठीवरच्या पट्ट्या : म्हणजे पॅच टेस्ट. त्वचारोगतज्ज्ञ योझेफ याडासोन यांनी ती १८९५ मध्ये मांडली. संशयित रंग व्हॅसलिनमध्ये अगदी थोडा (केसांच्या काळ्या रंगातले पॅराफिनिलीनडायअमिन असेल तर १ टक्का) मिसळून पाठीवर चिकटवतात, ४८ तासांनी काढतात आणि एक-दोन दिवसांनी पुन्हा पाहतात. ही दुसरी पाहणीच महत्त्वाची. नुसती जळजळ असेल तर ती तोवर ओसरते, अ‍ॅलर्जी मात्र वाढत जाते. तोवर पाठ भिजवायची नाही, म्हणून आत्याबाईंचा तो वैताग. येवल्याच्या (जि. नाशिक) पैठणीवर त्यांनी घेतलेला आळ मात्र बहुधा चुकीचा. रेशीम सहसा आम्लरंगांत रंगवतात. कपड्यांच्या अ‍ॅलर्जीत वारंवार सापडतात ते पॉलिएस्टरचे डिस्पर्स रंग, त्यातही ‘डिस्पर्स ब्लू’ १०६ आणि १२४. संशय घ्यायचा तर ब्लाउजच्या गडद अस्तराचा. खाज काखेभोवती, घामाच्या जागी होती, हेही त्याच्याशी जुळते. पुरळ पहिल्याच दिवशी न येता वर्षभराने आले यात नवल नाही : शरीराची त्या रंगाशी आधी ओळख व्हावी लागते.