३६० फेऱ्यांचा एक मैल

बाबांच्या गाडीच्या खणात एक वही असते. पेट्रोल भरलं की तारीख, लिटर, मीटरवरचा आकडा आणि शेवटच्या रकान्यात ॲव्हरेज. टाकी कायम फुल करायची, म्हणजे हिशेब चुकत नाही, हा त्यांचा नियम.

गेल्या वर्षी दिवाळीला मी त्यांना नवे टायर आणि अलॉय व्हील घेऊन दिले. दुकानदार म्हणाला, "एक साइज वर जा साहेब, गाडी उठून दिसेल." १५५/८० आर १३ च्या जागी १७५/७० आर १४ आले. गाडी खरंच उठून दिसली. पण वहीतला ॲव्हरेज १८.५ वरून १७.८ वर आला आणि तिथेच राहिला. बाबांनी प्लग बदलले, इंजेक्टर साफ करून घेतले, गॅरेजच्या तीन चकरा मारल्या. शेवटी फोनवर म्हणाले, "इंजिन थकलंय रे. आणखी खर्च करण्यापेक्षा विकून टाकू."

मी सॉफ्टवेअरमध्ये आहे. एखादा आकडा अचानक बदलला आणि मग त्याच जागी स्थिर राहिला, की आमच्याकडे पहिला संशय मोजणाऱ्यावर घेतात. म्हणून मी गाडीचं मीटर मोजतं तरी कसं, हे वाचायला बसलो आणि वाचता वाचता थेट रोमन काळात पोचलो.

इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात व्हिट्रुव्हियस नावाच्या रोमन स्थापत्यकाराने आपल्या ग्रंथाच्या दहाव्या भागात अंतर मोजणाऱ्या गाडीचं वर्णन केलं आहे. चाकाचा घेर साडेबारा फूट. अशा ४०० फेऱ्या झाल्या की ५००० फूट, म्हणजे एक रोमन मैल. दातेरी चक्रं अशी बसवायची की दर मैलाला एक खडा खालच्या भांड्यात पडेल. मुक्कामाला पोचल्यावर खडे मोजायचे, की झालं.

युक्ती सुंदर आहे, पण त्यातली मेख बघा. ती गाडी अंतर मोजतच नाही, फेऱ्या मोजते. अंतर निघतं ते साडेबारा या आकड्यामुळे, आणि तो आकडा कुणीतरी आधी चाकाला दोरी लावून ठरवलेला असतो. चाक बदललं तरी खडे पडतच राहतील, फक्त त्यांचा अर्थ बदलेल.

हे ज्याच्यामुळे मला नीट समजलं, तो माणूस म्हणजे विल्यम क्लेटन. १८४७ मध्ये मॉर्मन लोकांचा एक तांडा छळाला कंटाळून अमेरिकेच्या पश्चिमेकडे निघाला होता. बैलगाड्या, अनोळखी माळरान. क्लेटनकडे रोजची नोंद ठेवायचं काम होतं. आज किती चाललो, हे लोक अंदाजाने सांगत, आणि ते अंदाज फुगलेले आहेत असं त्याला वाटे. मागून येणाऱ्यांना पाणी कुठे, मुक्काम कुठे, हे त्याच नोंदींवरून कळणार होतं.

मग त्याने एका गाडीच्या चाकाचा घेर मोजला: १४ फूट ८ इंच. म्हणजे बरोबर ३६० फेऱ्यांचा एक मैल. ८ मे रोजी त्याने चाकाच्या आरीला लाल फडकं बांधलं आणि दिवसभर शेजारून चालत फेऱ्या मोजल्या. ४०७० भरल्या. सव्वाअकरा मैल आणि वर २० फेऱ्या. इतरांचा अंदाज होता तेरा-चौदा मैलांचा.

दिवसभर फडकं मोजणं माणसाला वेड लावेल. तेव्हा तांड्यातल्या ऑर्सन प्रॅटने दातेरी चक्रांची योजना आखून दिली आणि ॲपलटन हार्मन या सुताराने ती लाकडात घडवली. चाकाच्या सहा फेऱ्यांना मळसूत्राची एक, आणि साठ दात्यांचं चक्र एकदा फिरलं की मैल. पुढच्या वर्षी क्लेटनने त्या वाटेची अंतरं देणारी पुस्तिका छापली, आणि पुढे अनेक तांडे तिच्या भरवशावर चालले.

त्या आधीपासून आपल्याकडेही ईस्ट इंडिया कंपनीचे सर्वेक्षक असंच एक चाक ढकलत रस्ते मोजत होते. पण चाक खड्ड्यात उतरतं, चढावर चढतं आणि ते सगळं अंतरात धरतं. त्यामुळे १८०२ मध्ये मद्रासला विल्यम लॅम्बटनने आपल्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाची पायारेषा मोजायला घेतली, तेव्हा चाक नाही, पोलादी साखळी वापरली. तीही लाकडी पेट्यांमध्ये आडवी ठेवून आणि शेजारी तापमापक लावून, कारण उन्हाने पोलाद लांबतं. म्हणजे मापाचंही माप घ्यायचं. हाच लॅम्बटन सर्वेक्षण उत्तरेकडे नेता नेता १८२३ मध्ये आपल्या हिंगणघाटला वारला.

अंतरानंतर वेगाचा काटा आला. १९०२ मध्ये जर्मनीत ऑटो शुल्झेने ज्या रचनेचं पेटंट घेतलं, ती पुढे बरीच दशकं जगभरच्या गाड्यांत राहिली. गिअरबॉक्समधून निघालेली केबल मीटरमध्ये एक चुंबक फिरवते. त्याच्याभोवती, स्पर्श न करता, ॲल्युमिनियमची वाटी असते. फिरत्या चुंबकामुळे वाटीत भोवरी प्रवाह तयार होतात आणि ती त्या दिशेने ओढली जाते. बारीक स्प्रिंग तिला मागे धरते. या ओढाताणीत काटा जिथे थांबेल, तो वेग. रस्ता या यंत्राला कुठेच भेटत नाही.

त्या काळी टायर मोठे केले की मेकॅनिक केबलच्या टोकाचा छोटा प्लास्टिक गिअर बदलायचा. टायर चार टक्क्यांनी वाढला, तर २१ दात्यांच्या जागी २० चा, म्हणजे केबल तितकी जोरात फिरते. पण सव्वावीस दात्यांचा गिअर नसतो, त्यामुळे थोडी चूक उरायचीच. आता केबल गेली, सेन्सर आले. दात्यांच्या जागी मेमरीतला एक आकडा आहे. काही गाड्यांत तो स्कॅनर लावून बदलता येतो, काहींत सेन्सर आणि मीटरच्या मध्ये एक छोटी डबी बसवून स्पंदनांची संख्या बदलावी लागते. आमच्या भाषेत सांगायचं तर क्लेटनचे ३६० फेरे अजून कोडमध्ये हार्डकोड केलेले आहेत.

मी गावी गेलो तेव्हा शिवणाची टेप घेऊन गेलो. डिकीतली स्टेपनी अजून जुन्याच साइजची होती. तिच्याभोवती टेप गुंडाळली: १८१.५ सेंटिमीटर. नव्या टायरभोवती: १८८.५. बाबांनी वहीच्या मागच्या पानावर भागाकार केला. १.०३९ आलं. मग त्यांनी १७.८ ला त्याने गुणलं आणि चष्मा काढून बघत राहिले. १८.५.

"म्हणजे इंजिनाला काही झालेलं नाही?"

"नाही बाबा. टायर लावल्यापासून मीटरवर ९६०० पडलेत. तुम्ही गाडी चालवलीत जवळपास ९९७०. मधले पावणेचारशे किलोमीटर मीटरने बघितलेच नाहीत."

"आणि मी उगाच प्लग बदलत बसलो," बाबा म्हणाले. टायर मी दिले होते, हे त्यांनी काढलं नाही. मीच काढलं.

यात एक गंमत अजून होती. आधी काट्यावर ८० असताना फोनचं जीपीएस ७७ दाखवायचं. तो बिघाड नव्हता. काट्याने खऱ्यापेक्षा कमी वेग कधीच दाखवू नये, थोडा जास्त चालेल, असा नियम आहे. युरोपात सुरू झालेल्या संयुक्त राष्ट्रांच्या नियम क्रमांक ३९ नुसार तर खऱ्या ८० ला काटा ९२ पर्यंत दाखवू शकतो. म्हणून कंपन्या काटा मुद्दाम थोडा पुढे ठेवतात. मोठ्या टायरने ते अंतर खाऊन टाकलं. आता ८० ला खरंच ८० होते. बाबा म्हणाले, "म्हणजे काटा खरं बोलायला लागला आणि किलोमीटर खोटं?" अगदी तसंच. पण कंपनीने ठेवलेली सुरक्षेची फट मी दिसण्यापायी संपवली होती. आणखी एक साइज वर गेलो असतो, तर ८० ची मर्यादा पाळतोय असं समजून बाबा ती रोज मोडत राहिले असते.

डबी बसवायची का, यावर बोलणं झालं. बाबा नको म्हणाले. हे टायर संपले की मूळ साइज घालायची, तोवर गुणाकार करायचा. मी सांगितलं, टायर घासला की घेरही कमी होतो. नव्या टायरची नक्षी साधारण आठ मिलिमीटर खोल असते, आणि १.६ उरली की कायद्याने टायर बाद. म्हणजे तेवढ्यात दोनेक टक्के फरक पडतो, आज काढलेला आकडाही कायमचा नाही.

त्यांनी ऐकून घेतलं, वही परत पुढून उघडली आणि पहिल्या पानावर लाल पेनाने लिहिलं: "किमी × १.०४. दर सहा महिन्यांनी टेप लावणे."

गाडी विकायचा विषय त्यानंतर निघाला नाही.