तिहेरी मुकुटाचा एकमेव धनी : ग्रॅहम हिल

१/
मोटार शर्यतींच्या जगात तीन शिखरे मानली जातात : मोनॅकोच्या रस्त्यांवरची ग्रां प्री, अमेरिकेतील इंडियानापोलिस ५०० आणि फ्रान्समधील ले माँची २४ तासांची शर्यत. तिन्ही जिंकणाऱ्यास ‘तिहेरी मुकुटा’चा मानकरी म्हणतात. आजवर हा मान केवळ एका चालकाच्या वाट्याला आला आहे. तो म्हणजे लंडनचा ग्रॅहम हिल. गंमत अशी, की वयाच्या चोविसाव्या वर्षापर्यंत त्याच्याकडे मोटार चालवण्याचा परवानाही नव्हता.

२/
ही तीन शिखरे एका जातीची नाहीत, हे आधी ध्यानात घ्यावे. मोनॅकोत घरे, कठडे आणि बंदर यांच्यामधून वाट काढायची. तिथे तसूभर चूकही गाडी भिंतीवर नेते. इंडियानापोलिसचा मार्ग लंबगोल, फक्त चार डावी वळणे, अशा २०० फेऱ्या आणि सतत प्रचंड वेग. ले माँला दिवस, रात्र आणि पाऊस सोसत गाडी चोवीस तास जिवंत ठेवायची, तीही सहकाऱ्याबरोबर वाटून. एकात नेमकेपणा, दुसऱ्यात धाडस, तिसऱ्यात संयम. एका माणसाच्या अंगी तिन्ही गुण क्वचितच नांदतात.

३/
हिलचा जन्म १५ फेब्रुवारी १९२९ चा, लंडनच्या हॅम्पस्टेड भागातला. उपकरणे बनवणाऱ्या स्मिथ्स कंपनीत त्याने उमेदवारी केली, पुढे नौदलात सक्तीची सेवा बजावली. मोटारसायकलच्या अपघातात मांडीचे हाड मोडले आणि डावा पाय कायमचा किंचित आखूड झाला. त्याचा पहिला खरा खेळ म्हणजे नौकानयन. लंडन रोइंग क्लबच्या वल्ह्यांवरचे गडद निळे-पांढरे रंग त्याने पुढे आपल्या हेल्मेटवर रंगवून घेतले. हे हेल्मेट लक्षात असू द्यावे; कथेच्या शेवटी ते पुन्हा येणार आहे.

४/
१९५३ मध्ये त्याने परवाना काढला. त्याच सुमारास एक जाहिरात त्याच्या दृष्टीस पडली : ब्रँड्स हॅचच्या मार्गावर शर्यतीची गाडी चालवा, एका फेरीला पाच शिलिंग. हिलने एक पौंड मोजला आणि चार फेऱ्या मारल्या. त्या चार फेऱ्यांनी त्याच्या आयुष्याची दिशा बदलली. खिशात पैसा नव्हता, घराण्यात या खेळाची परंपरा नव्हती. म्हणून त्याने मागच्या दाराने प्रवेश केला. कॉलिन चॅपमनच्या लोटस कारखान्यात तो रोज एक पौंड मजुरीवर मेकॅनिक म्हणून राबू लागला.

५/
हाताला ग्रीस लागलेला हा मेकॅनिक १९५८ मध्ये लोटसचा चालक म्हणून फॉर्म्युला वनमध्ये उतरला. पहिली ग्रां प्री मोनॅकोचीच. ती अर्धवट सुटली. लोटसच्या गाड्या वेगवान होत्या, पण नाजूक. दोन हंगाम निराशेत गेल्यावर १९६० मध्ये तो बीआरएम या संघाकडे गेला. हा संघ ब्रिटनची राष्ट्रीय प्रतिष्ठा म्हणून उभा राहिला होता. मात्र १९६१ अखेरपर्यंत त्याच्या खाती एकच ग्रां प्री विजय होता. तो मिळवून देणारा चालक होता स्वीडनचा यो बोनिएर. हेही नाव लक्षात असू द्यावे.

६/
१९६२ उजाडताना संघाचे मालक आल्फ्रेड ओवेन यांनी निर्वाणीचा इशारा दिला : यंदा जिंका, नाहीतर कारखान्याला टाळे. मुख्य अभियंता टोनी रड आणि हिल यांनी गाडीचा कण न् कण तपासला. हिल आपल्या वह्यांमध्ये गाडीच्या प्रत्येक जुळणीची नोंद ठेवी आणि स्प्रिंगसारख्या बारीक बाबींवरही मेकॅनिकांशी तासन्‌तास वाद घाली. हंगामाची पहिलीच डच ग्रां प्री त्याने जिंकली. पुढे पावसाने झोडपलेल्या न्युर्बुर्गरिंगवर जर्मन आणि मग इटालियन ग्रां प्रीही त्याने पटकावली.

७/
निर्णय लागला २९ डिसेंबर १९६२ रोजी, दक्षिण आफ्रिकेतील ईस्ट लंडन येथे. लोटसचा जिम क्लार्क निर्धास्त आघाडीवर होता. विजेतेपद त्याचेच ठरणार, इतक्यात त्याच्या इंजिनातून तेल गळू लागले आणि क्लार्क थांबला. शर्यत आणि जगज्जेतेपद दोन्ही हिलकडे आले. क्लार्क हा जन्मजात प्रतिभावंत आणि हिल हा घाम गाळून घडलेला, अशी तुलना तेव्हापासून रूढ झाली. ती अगदीच खोटी नव्हती. पण घामाचे मोल कमी लेखणारी होती.

८/
१९६४ मध्ये दैवाने हिशेब उलटवला. हिलने हंगामात ४१ गुण मिळवले, जॉन सर्टिझने ४०. परंतु नियमानुसार उत्तम सहाच निकाल धरले जात. त्यामुळे हिलचे दोन गुण गळाले आणि सर्टिझ एका गुणाने जगज्जेता झाला. मेक्सिकोच्या अखेरच्या शर्यतीत सर्टिझचाच फेरारी-सहकारी बांदिनी हिलच्या गाडीवर आदळला होता, हे शल्य वेगळेच.

९/
मोनॅको मात्र त्याचे माहेर ठरले. १९६३, १९६४, १९६५, १९६८ आणि १९६९ असे पाच विजय त्याने तिथे मिळवले. यातला १९६५ चा विजय त्याच्या स्वभावाचा आरसा आहे. आघाडीवर असताना समोर एक मंदावलेली गाडी आली. ती चुकवण्यासाठी त्याला सुटकेच्या रस्त्यावर शिरावे लागले. हिल गाडीतून उतरला, ती स्वतः ढकलत मार्गाकडे मागे आणली, पुन्हा आत बसला आणि पाचव्या स्थानावरून एकेकाला गाठत शर्यत जिंकला. कोणी हार मानली असती, तिथे त्याने गाडीला खांदा दिला.

१०/
१९६६ ची इंडियानापोलिस ५०० म्हणजे विध्वंसाचा दिवस. ३३ गाड्यांपैकी ११ गाड्या पहिल्याच फेरीच्या धडकेत बाद झाल्या. अखेरीस आघाडी होती नवख्या जॅकी स्टुअर्टकडे. अगदी थोड्या फेऱ्या उरल्या असताना त्याच्या इंजिनाने दगा दिला. त्या शर्यतीत तितकाच नवखा असलेला हिल, लोला गाडीत, अवघ्या दहा फेऱ्या आघाडीवर राहून विजयी ठरला. दुसऱ्या आलेल्या क्लार्कच्या लोटस संघाला तर आपणच जिंकलो असे वाटत होते. नवख्याने ही शर्यत जिंकण्याचा असा प्रसंग १९२७ नंतर प्रथमच घडला.

११/
१९६७ मध्ये हिल लोटसला परतला. आता तो क्लार्कचा सहकारी होता. ७ एप्रिल १९६८ रोजी हॉकेनहाइमच्या फॉर्म्युला टू शर्यतीत क्लार्कची गाडी झाडांवर आदळली आणि तो गेला. हिल त्याच शर्यतीत धावत होता. महिना होतो न होतो तोच माइक स्पेन्स हा लोटसचा दुसरा चालक इंडियानापोलिसच्या सरावात मृत्युमुखी पडला. चॅपमन खचला, संघ सुन्न झाला. १२ मे रोजी स्पेनमध्ये हिल पुन्हा गाडीत बसला आणि जिंकला. पुढची मोनॅकोही जिंकली. नोव्हेंबरात मेक्सिकोत तो दुसऱ्यांदा जगज्जेता झाला. एका मोडलेल्या संघाला त्याने उभे केले. त्याच्या साऱ्या कारकिर्दीत याहून मोठे काम दुसरे नाही.

१२/
ऑक्टोबर १९६९. अमेरिकेतील वॉटकिन्स ग्लेन. गाडी घसरून थांबली, हिलने उतरून ती ढकलून चालू केली. पण आत बसल्यावर पट्टे एकट्याला बांधता येईनात. तो तसाच निघाला. पुढे टायर निकामी झाला आणि हिल गाडीबाहेर फेकला गेला. दोन्ही पाय जायबंदी झाले. वय चाळीस. सर्वांनी त्याची कारकीर्द संपली असे मानले. मार्च १९७० मध्ये, अवघ्या पाच महिन्यांनी, दक्षिण आफ्रिकेच्या ग्रां प्रीत तो सहावा आला. मोनॅकोत जिंकवणारा हट्ट तोच. पट्टे न बांधता निघण्याचा हट्टही तोच.

१३/
उरले होते ले माँ. तिथे तो अनेक वर्षे धडपडत होता. १९६३ आणि १९६५ मध्ये त्याने रोव्हर-बीआरएमची गॅस टर्बाइनवर चालणारी गाडी हाकली. १९६४ मध्ये बोनिएरच्या साथीने फेरारीत दुसरा आला. १९७२ मध्ये फ्रेंच मात्रा संघाने त्याला आन्री पेस्कारोलोची जोड दिली. त्रेचाळिशीतला हिल पावसात आणि अंधारात तरुणांच्या बरोबरीने धावला आणि ही जोडी जिंकली. फ्रेंच गाडीचा ले माँमधील १९५० नंतरचा हा पहिला विजय. तिहेरी मुकुट पूर्ण झाला. त्याच शर्यतीत, रविवारी सकाळी, बोनिएरचा अपघाती मृत्यू झाला.

१४/
त्या काळात विजयाच्या वाटेवर अशी निरोपाची दारे सतत उघडत असत. हिल मात्र थांबला नाही. त्याने स्वतःचा संघ काढला. एप्रिल १९७५ मध्ये स्पॅनिश ग्रां प्रीत त्याच्या संघाची गाडी आघाडीवर असताना मागचा पंख तुटला. गाडी कठड्यापलीकडे गेली आणि प्रेक्षकांचे बळी गेले. पुढच्याच महिन्यात मोनॅकोत, जिथे तो पाचदा जिंकला होता, तिथे हिलला शर्यतीची पात्रताही गाठता आली नाही. पावणेदोनशेच्या घरातील ग्रां प्री आणि १४ विजय गाठीशी बांधून त्याने चाक खाली ठेवले. संघाची आशा आता टोनी ब्राइज या तरुण चालकावर होती.

१५/
२९ नोव्हेंबर १९७५ ची रात्र. फ्रान्समधील पॉल रिकार येथील चाचणी आटोपून संघ परतत होता. पायपर अझ्टेक हे छोटे विमान हिल स्वतः चालवत होता. लंडनच्या उत्तरेला दाट धुके होते. एल्स्ट्री विमानतळाजवळ, आर्कली येथील गोल्फ मैदानावर विमान कोसळले. हिल, ब्राइज आणि संघातील आणखी चौघे जागीच ठार झाले. एका क्षणात संघच नाहीसा झाला.

१६/
चौकशीत कटू सत्य बाहेर आले. विमानाची नोंदणी रद्दबातल झालेली होती आणि उपकरणांच्या आधारे उड्डाण करण्याची हिलची पात्रता मुदतबाह्य होती. विमा निरुपयोगी ठरला. मृतांच्या कुटुंबीयांचे दावे हिलच्या मालमत्तेवर आले आणि पत्नी बेट हिला राहते घर सोडावे लागले. शर्यतीच्या गाडीची स्प्रिंगन् स्प्रिंग वहीत टिपणारा माणूस विमानाच्या कागदांबाबत असा ढिला राहिला. त्याचे मोल पाच इतर घरांनीही चुकवले. हिलचा गौरव करताना हा हिशेब वगळणे न्याय्य ठरणार नाही.

१७/
त्याचा मुलगा डेमन तेव्हा पंधरा वर्षांचा होता. पुढे मोटारसायकलवरून टपाल-पार्सले पोहोचवत त्याने शर्यतींचा खर्च भागवला. डोक्यावर हेल्मेट तेच, निळे-पांढऱ्या वल्ह्यांचे. १९९३ मध्ये आयर्टन सेनाने मोनॅको सहाव्यांदा जिंकून ग्रॅहमचा विक्रम मोडला, तेव्हा त्याच्यामागे दुसरा आला होता डेमन हिल. १९९६ मध्ये डेमन स्वतः जगज्जेता झाला. जगज्जेत्याच्या मुलाने हे पद मिळवण्याची ती पहिलीच वेळ. वडिलांकडून वारशात आलेला पैसा धुक्यात हरवला होता. वल्ह्यांचे रंग तेवढे उरले.