गुंठ्याचे गणित

बांधापायी सख्खे भाऊ कोर्टाची पायरी चढतात. पण आपल्या शेताचे गुंठे मोजले कसे, हे विचारा, फार थोड्यांना सांगता येईल.

पेशवाईत जमीन काठीने मोजत. वीस चौरस काठ्यांचा पांड, वीस पांडांचा बिघा. पण काठीची लांबी गावोगाव सारखी नसे. इंग्रजी अमलात प्रिंगल साहेबाने पुणे भागात आकारणी केली. ती इतकी जड झाली, की पुष्कळांनी जमिनी टाकल्या. मग १८३५ साली गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापुरात फेरआकारणी हाती घेतली.

पुढे मुंबई इलाख्याच्या मोजणीत साखळी आली ती ३३ फुटांची, रुपयासारखीच सोळा आण्यांची. एक साखळी लांब, एक साखळी रुंद, तो गुंठा. चाळीस गुंठ्यांचा एकर. वाकड्या शेतातून एक सरळ पायारेषा टाकायची आणि कोपऱ्यांपासून तिच्यावर लंब काढायचे. झाले! शेताचे त्रिकोण आणि समलंब चौकोन पडले. त्रिकोणाचा पाया दहा साखळ्या, लंब चार. गुणाकाराचे निम्मे वीस, म्हणजे वीस गुंठे. उतारावर मात्र साखळी समपातळीत ताणून धरावी. उतारालगत टाकली, तर क्षेत्र फुगते.

आज उपग्रहाच्या आधाराने मोजणी होते, क्षेत्र हेक्टर-आरमध्ये लिहितात. पण हिशेबाचे मूळ तेच. गुरुजी, ३३ फुटांचा दोर घेऊन मुलांना एकदा शेतात न्याच. उद्या मोजणीदार बांधावर आला, तर त्याच्या कागदात काय आहे, हे तीच मुले घरच्यांना समजावून सांगतील.