ध्वनिसंक्षेपण

अंकीय पद्धतीने मुद्रित केलेला ध्वनी कमी जागेत साठविता यावा व संगणकजालावरून जलद पाठविता यावा, यासाठी त्याच्या नोंदीचे आकारमान घटविण्याची क्रिया. तिचे दोन प्रकार आहेत. एकात मूळ नोंद जशीच्या तशी परत मिळविता येते, तर दुसऱ्यात कानाला न जाणवणारा भाग कायमचा वगळला जातो. एमपी ३ हे दुसऱ्या प्रकारातील सर्वांत प्रसिद्ध स्वरूप होय.

१९८२ मध्ये विक्रीस आलेल्या कॉम्पॅक्ट डिस्कवर ध्वनीचे दर सेकंदास ४४,१०० नमुने १६ बिटांत नोंदविलेले असतात. दोन वाहिन्यांचे मिळून ते दर सेकंदास १४,११,२०० बिट होतात. मायक्रोसॉफ्ट व आयबीएम यांनी १९९१ मध्ये प्रसृत केलेल्या वेव्ह फाइलीत ही माहिती सामान्यतः संक्षेपण न करता ठेवतात. त्यामुळे एका मिनिटाच्या ध्वनीस सु. १०·६ मेगाबाइट जागा लागते. दर सेकंदास २८,८०० बिट वाहून नेणाऱ्या मोडेमने तो पाठविण्यास पाऊण तासाहून अधिक वेळ लागे.

एखादा प्रबळ स्वर चालू असता त्याच्या जवळच्या कंप्रतेचा क्षीण स्वर ऐकू येत नाही. या आविष्कारास आच्छादन म्हणतात. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत मान्फ्रेट श्रोडर, भारतात जन्मलेले बिष्णू अटल व त्यांचे सहकारी यांनी १९७९ मध्ये वाणीच्या संकेतनात त्याचा उपयोग केला. जर्मनीतील अर्लांगेन येथे डीटर झाइट्सर यांनी दूरध्वनीच्या तारांवरून संगीत पाठविण्याची कल्पना मांडली होती. त्यांचे विद्यार्थी कार्लहाइन्ट्स ब्रांडनबुर्ख यांनी फ्राउनहोफर संस्थेतील व अन्य संशोधकांसह ती विकसित केली. सुझॅन व्हेगा यांचे ‘टॉम्स डायनर’ हे वाद्यसाथीविना गायिलेले गीत त्यांनी कसोटीसाठी वापरले, कारण केवळ मानवी आवाजातील दोष कानाला चटकन जाणवतात.

ही पद्धती १९९२ मध्ये पूर्ण झालेल्या व १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय मानकाचा तिसरा स्तर ठरली. एमपी ३ हे नाव १९९५ मध्ये निश्चित झाले. तीत ध्वनी ३२ कंप्रतापट्टांत व पुढे आणखी सूक्ष्म भागांत विभागतात, आच्छादित भागांस कमी बिट देतात व उरलेली माहिती हफमन संकेतनाने आटोपशीर करतात. दर सेकंदास १,२८,००० बिट ठेवल्यास फाइल मूळच्या सु. एक-अकरांश होते.

१९९९ मध्ये सुरू झालेल्या नॅप्स्टर सेवेमुळे अशा फाइलींची देवघेव सर्वत्र पसरली. स्वामित्वहक्काच्या खटल्यांमुळे ती सेवा २००१ मध्ये बंद पडली. फ्राउनहोफरचा एमपी ३ एकस्वांचा परवाना कार्यक्रम २०१७ मध्ये संपला. दरम्यान एएसी (१९९७) व ओपस (२०१२) ही अधिक कार्यक्षम स्वरूपे पुढे आली.

वगळलेला भाग मात्र पुन्हा मिळत नाही. एमपी ३ फाइलीचे वेव्हमध्ये रूपांतर केल्यास आकारमान वाढते, गुणवत्ता वाढत नाही. पुनःपुन्हा संक्षेपण केल्यास दोष साचत जातात. म्हणून ध्वनी व दृक्‌श्राव्य संग्रहांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने जतनासाठी संक्षेपण न केलेल्या, किमान ४८ किलोहर्ट्‌झ व २४ बिटांच्या नोंदीची शिफारस केली आहे. लहान प्रत प्रसारासाठी सोयीची असली, तरी मूळ फीत नष्ट झालेल्या मुद्रणाची तेवढीच प्रत उरल्यास त्या आवाजाचा पुढील अभ्यास तिच्यापुरताच मर्यादित राहतो.