झेंग यी साओ

झेंग यी साओ (जन्म : इ.स. १७७५, मृत्यू : इ.स. १८४४) ही दक्षिण चिनी समुद्रातील चाच्यांच्या महासंघाची प्रमुख होती. चिनी भाषेत ‘साओ’ म्हणजे वहिनी. त्यामुळे हे तिचे स्वतःचे नाव नसून झेंग यी याची पत्नी एवढीच ओळख त्यात आहे. तिचे माहेरचे आडनाव शी असे होते. पाश्चात्त्य लेखनात ती ‘चिंग शिह’ या नावाने आढळते.

पार्श्वभूमी

इ.स. १८०१ मध्ये तिचा विवाह चाच्यांचा नायक झेंग यी याच्याशी झाला. व्हिएतनाममधील ताय सोन राजवट चिनी चाच्यांना आश्रय देऊन आपल्या आरमारात वापरीत असे. इ.स. १८०२ मध्ये ती कोसळल्यावर या टोळ्या क्वांगतोंगच्या किनाऱ्याकडे परतल्या आणि आपापसांत लढू लागल्या. इ.स. १८०५ मध्ये झेंग यीने त्यांच्यात करार घडवून आणला. महासंघातील तांडे निशाणाच्या रंगावरून ओळखले जात. त्यांपैकी लाल निशाणाचा तांडा सर्वांत मोठा होता.

सत्तेचा आधार

नोव्हेंबर १८०७ मध्ये झेंग यी मरण पावला. विधवेकडे नेतृत्व आपोआप येण्याची प्रथा नव्हती. तिने प्रथम पतीच्या नातलगांचा पाठिंबा मिळविला आणि लाल तांड्याचे आधिपत्य झांग बाओ याच्याकडे सोपविले. झांग बाओ हा कोळ्याचा मुलगा. चाच्यांनीच त्याला पकडून आणले होते व झेंग यीने दत्तक घेतले होते. पुढे तिने त्याच्याशीच विवाह केला.

महासंघाचे उत्पन्न केवळ लुटीवर अवलंबून नव्हते. मिठाची गलबते, व्यापारी जहाजे व मासेमारी नौका यांच्याकडून ठरावीक रक्कम घेऊन संरक्षणाचे परवाने दिले जात. परवाना असलेल्या नौकेस कोणत्याही तांड्याने हात लावू नये, असा दंडक होता. ही व्यवस्था शिस्तीवाचून चालली नसती. लुटीची नोंद करून दहापैकी दोन भाग लुटणाऱ्यास व आठ भाग सामाईक कोठारात जमा होत. कोठारातील चोरीस मृत्युदंड होता. ही नियमावली सर्रास तिच्या नावावर सांगितली जाते. मात्र युआन योंगलुन याच्या इ.स. १८३० च्या चिनी वृत्तांतात ती झांग बाओची म्हणून येते. बंदिवान स्त्रियांविषयीच्या नियमालाही आज उदारपणाचा रंग दिला जातो. प्रत्यक्षात त्यात परवानगीविना केलेल्या बळजबरीस शिक्षा होती, बंदिवासास नव्हे.

इ.स. १८०९ मध्ये प्रांताधिपती बाय लिंग याने मिठाची वाहतूक खुष्कीच्या मार्गाने वळविली. समुद्रावरील उत्पन्न घटताच चाचे पर्ल नदीच्या मुखातून आत शिरले व नदीकाठची गावे त्यांनी जाळली, लुटली. त्यांच्या कैदेत सापडलेला ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजावरील अधिकारी रिचर्ड ग्लासपूल याचा वृत्तांत या काळाचे महत्त्वाचे साधन आहे.

शरणागती

जानेवारी १८१० मध्ये काळ्या निशाणाचा नायक सरकारला मिळाल्याने महासंघात फूट पडली. झांग बाओची पहिली बोलणी फिसकटल्यावर, एप्रिलमध्ये झेंग यी साओ काही स्त्रिया व मुले बरोबर घेऊन निःशस्त्र क्वांगचौ येथे बाय लिंगकडे गेली. तेथे ठरल्याप्रमाणे १७,३१८ चाचे, २२६ जहाजे व १,३१५ तोफांसह शरणागती झाली. झांग बाओला छिंग सैन्यात हुद्दा व काही जहाजे मिळाली. पाठोपाठ त्याच आरमाराने पूर्वीच्या सहकाऱ्यांवर चढाई केली.

उत्तरायुष्य

झांग बाओ इ.स. १८२२ मध्ये वारला. त्यानंतर ती क्वांगतोंगला परतली. इ.स. १८४० मध्ये तिने एका अधिकाऱ्यावर, मालमत्ता खरेदीसाठी पतीने दिलेली रक्कम हडपल्याचा दावा केला. तो फेटाळला गेला. अर्जेंटिनाचे लेखक होर्हे लुईस बोर्हेस यांनी इ.स. १९३५ च्या संग्रहात तिच्यावर कथा लिहिली आहे.