वळीव यायच्या आत

चपला काढून ठेवा. वाळू अजून गार आहे. ऊन चढलं की ती इतकी तापेल की तुम्ही उड्या मारत चालाल, पण तोवर आपण माडांच्या सावलीत पोचलेले असू. घड्याळ आणि फोन मागेच राहिलेत. साल १९०० च्या आसपासचं, महिना वैशाखाचा, गाव मालवणच्या दक्षिणेचं, समुद्राला चिकटलेलं. नुकतं उजाडतंय. उत्तरेकडे पाण्यात सिंधुदुर्गाचा तट काळसर दिसतोय, पण बघत उभे राहू नका. कुणीतरी तुमच्या हातात दोर दिलाय.

काथ्याचा दोर. खाऱ्या पाण्याने भिजलेला, तळहाताला काचणारा. ही रापण आहे: होडीतून नेऊन समुद्रात अर्धगोल टाकलेलं लांबच लांब जाळं, आणि ते दोन्ही टोकांनी किनाऱ्यावर ओढणारी माणसांची रांग. तुमच्या पुढे माणसं, मागे माणसं, सगळ्यांच्या टाचा वाळूत रुतलेल्या. आरोळी उठते आणि रांग एकदम मागे रेलते. तुम्ही क्षणभर उशिरा रेलता आणि पुढच्याच्या घामेजलेल्या पाठीवर नाक आपटतं. तो मागे वळूनही बघत नाही, कारण पुढची आरोळी उठलेली असते. दहा-बारा आरोळ्यांनंतर तुमचा श्वास आपोआप त्या तालात पडतो.

जाळं किनाऱ्याला लागतं तेव्हा आवाज बदलतो. असंख्य शेपट्या एकाच वेळी ओल्या वाळूवर तडातडा आपटू लागतात. बांगडे, तारले, मधूनच एखादा चुकला-माकला मोठा मासा. कावळे, घारी, कुत्री, पाट्या घेऊन धावत येणाऱ्या बायका, वाटे घालणारे रापणकर, भावावरून चढलेले आवाज. तुम्ही दोर ओढलात म्हणून तुमच्या ओंजळीतही चार बांगडे पडतात. अजून थरथरतायत.

आता अडचण बघा. बर्फ नाही. गावाने पोटभर खाल्लं, बायकांनी डोक्यावर पाट्या घेऊन आसपासच्या वाड्या पालथ्या घातल्या, तरी मासळी उरणार, आणि ऊन चढलं की नासणार. महिन्याभराने नेमकं उलट: मृग लागला की होड्या वर ओढून झावळांनी झाकायच्या आणि नारळी पुनवेपर्यंत समुद्राकडे फिरकायचं नाही. मुंबईची आगबोटही पावसाळाभर बंद. चिखलाच्या वाटेने बाजार गाठणं म्हणजे दिवस घालवणं. म्हणून या दिवसांत गावातलं प्रत्येक घर एकाच कामाला जुंपलेलं असतं. आगोटीचं काम, म्हणजे पावसाळ्याची बेगमी.

माडाखाली बसलेल्या बायकांमध्ये जागा करून घ्या. बांगडा पाठीतून चिरायचा, पुस्तक उघडावं तसा उघडायचा, कल्ले आणि पोटातलं काढून समुद्राच्या पाण्यात खळबळून घ्यायचा. मग मीठ. हे शिरोड्याच्या मिठागरातलं, जाड, करड्या रंगाचं, बोटांना टोचणारं. ते नुसतं भुरभुरायचं नसतं, मांसात चोळून बसवायचं असतं. सकाळी दोराने तुमचे हात सोलवटलेत; मीठ तिथे लागलं की डोळ्यांत पाणी येईल. येऊ द्या. शेजारच्या बाईच्या बोटांना वर्षानुवर्षांच्या भेगा आहेत आणि ती त्याच हातांनी तुमच्या दुप्पट वेगाने मासे भरतेय. मडक्यात माशांचा थर, मिठाचा थर, वर दगडाचं वजन. रात्रभरात माशांना इतकं पाणी सुटेल की ते आपल्याच खारात बुडतील. मग धुऊन कडक उन्हात, एका बाजूने, मग दुसऱ्या बाजूने, हाताला ओल लागेनाशी होईपर्यंत. वासाचं म्हणाल, तर पहिली पंधरा मिनिटं जड जातात. नंतर तो येईनासा होतो, आणि तुमच्या केसांत, कपड्यांत मुक्कामाला राहतो.

चला, आता घरी. वाळू तापलीच आहे.

शेणाने सारवलेल्या खळ्यात पाय ठेवायला जागा नाही. सुपं, चटया, जुनी लुगडी, पाट, जे सपाट आहे त्यावर काहीतरी पसरलंय. लाल मिरच्या. चिंच, बिया काढून मीठ लावलेली. कैरीच्या फोडींची आंबोशी. आंब्याचा रस थरावर थर देत वाळवायला ठेवलेली साटं, आणि रसाळ फणसाचे गरे रवळीतून घासून काढलेल्या रसाचं फणसाचं साट, ज्याचा गोड, उग्र वास खळ्यावर दाटून बसलाय. एका कोपऱ्यात उकडलेलं भात वाळतंय. त्याची वाफ अजून निघतेय आणि वास ओल्या गवताचा आहे. तुसासकट उकडल्याने दाणा टणक होतो, कांडताना तुटत नाही, किडीलाही सहजी दाद देत नाही. या सगळ्याच्या मध्ये सहा-सात वर्षांचं एक पोर काठी घेऊन कावळे हाकत बसलंय, आणि कावळ्यांची पाठ फिरली की साटाची कड हळूच तोडून तोंडात टाकतंय. त्याची ही चोरी घरात सगळ्यांना ठाऊक आहे.

"खंयसून इलात?" आजी विचारते आणि उत्तराची वाट न बघता रातांब्यांनी भरलेली पाटी तुमच्यापुढे सरकवते. "बगतास काय नुसते? हात लावा."

रातांबा हातात घ्या. गर्द जांभळट लाल, उन्हाने कोमट. फोडला की आतून पांढुरका गर आणि बिया निघतात. गर एका मातीच्या भांड्यात, सालं दुसऱ्यात. गरात मीठ घातलं की त्याला पाणी सुटतं, तोच रस. सालं या खारट-आंबट रसात बुडवायची, उन्हात वाळवायची, संध्याकाळी पुन्हा बुडवायची, सकाळी पुन्हा उन्हात. याला पूट देणं म्हणतात. पाच-सात पुटांनंतर साल काळपट, लवचिक होतं आणि मग ते सोल म्हणायच्या लायकीचं होतं. तासाभरात तुमची नखं जांभळी होतात, बोटांची टोकं सुरकुततात, माश्या कानाशी गुणगुणतात, आणि दाट उकाड्यात कपाळावरचा घाम पुसायला मोकळा हात नसतो. बियाही फेकायच्या नाहीत. त्या वाळवून, कुटून, पाण्यात उकळून वर येणारं तेल गार झाल्यावर मुठीत वळायचं. त्याचे घट्ट गोळे अंगाच्या उबेने पाघळतात आणि चिखलात फाटलेल्या टाचांना लावले की आराम पडतो.

आजीला विचारून बघा, मीठ किती? ती ओंजळ दाखवते. किती दिवस वाळवायचं? ती तुमच्या हातात एक सोल देते. "दाबून बगा." तुम्ही दाबता. तिला तुमच्या चेहऱ्यावरून कळतं की तुम्हाला काही कळलेलं नाही. ती स्वतः दाबते, वासही घेते. "अजून एक पूट व्हया." जुन्या पाककृती पुन्हा करून बघणारे आपण कागदावरचं प्रमाण शोधत असतो, आणि प्रमाण होतं ते या दोन बोटांत. म्हणून मला वाटतं की कृती नुसती लिहून घेऊन जमत नाही, एक उन्हाळा तिच्या शेजारी बसावं लागतं. मिठाने आणि उन्हाने पाणी काढून घेतलं, आंबटपणा राखला, की कुजवणाऱ्या जंतूंना जगायला काही उरत नाही, हे तुम्ही-आम्ही शाळेत शिकलो. आजीने हे शब्द ऐकलेले नाहीत. पण कुठल्या बरणीत ते पाणी पुरतं गेलेलं नाही, हे ती झाकण उघडताच सांगेल.

तिचे नियम ऐकून घ्या. बरणीत ओला हात घालायचा नाही. खारातल्या कैऱ्या खाराच्या वर डोकावता कामा नयेत, म्हणून दगडाने दाबायच्या. तोंडाला दादरा घट्ट बांधायचा. तिखटाच्या बरणीत हिंगाचे खडे, कुळथाला राख. हे सगळं पदरात बांधून घ्या. आणखी एक नियम आहे. पडवीच्या टोकाला, वेगळ्या चटईवर घरातली एक सून बसलीय. तिने पाळीच्या या चार दिवसांत बरण्यांना शिवायचं नाही, सावलीही पडू द्यायची नाही. उरलेले सव्वीस दिवस हीच बाई चुलीपासून खळ्यापर्यंत उभी राबते. हा नियम घेऊन येऊ नका. त्याने एकही कैरी कधी टिकली नाही.

दुपार कलते. वारा पडलाय. माडाचं एक पान हलत नाही. कावळे हाकणारं पोर पूर्वेकडे बघतं आणि उभं राहतं.

"पावस इलो! पावस इलो!"

डोंगराकडून काळा ढग अर्ध्या आभाळावर आलाय. घरात झोपलेले, गोठ्यात असलेले, विहिरीवर गेलेले, सगळे खळ्यात. "धावा गो, धावा! सोलां भिजतली!" तुमच्या हातात एक सूप येतं, ते आत टाकून यायच्या आत दुसरं. शेजारच्या घरातल्या दोघी कुंपण ओलांडून मदतीला आल्यात, कारण त्यांचं उचलून झालंय. मिरच्यांची चटई चारही कोपरे धरून उचलली जाते, तिखटाचा ठसका सगळ्यांना एकदम लागतो, खोकत खोकत माणसं उकडं भात गोळा करतात. भात जड, अजून दमट, पाटीने भरेपर्यंत पहिले टपोरे थेंब पडतात. तापलेल्या मातीचा वास उसळतो आणि त्याच क्षणी माजघरात भांडण लागतं: सुक्या बांगड्यांची पाटी साटाच्या शेजारी कुणी ठेवली? आंब्याला माशाचा वास लागला तर मुंबईला काय पाठवणार?

मुंबईला म्हणजे गिरणीत कामाला असलेल्या मुलाला. शेवटच्या आगबोटीने जाणाऱ्या गाववाल्याच्या हाती गाठोडं द्यायचंय: सोलं, साट, थोडे खारे बांगडे, कुळथाची पिठी. गिरणगावातल्या खोलीत चार-पाच जणांच्या जेवणाला वर्षभर याच गाठोड्याची चव लागणार.

वळीव अर्ध्या तासात ओसरतो. गडबडीत एक सूप बाहेर राहिलंच, त्यातली सोलं पाण्याने फुगलीत. आजी एकेक उचलून बघते. टाकत नाही. दोन मुठी आजच्या कढीसाठी बाजूला, बाकीच्यांना पुन्हा मीठ, पुन्हा रस, पुन्हा उद्याचं ऊन. आठवड्याचं काम दोन दिवस मागे गेलं. कुणी हळहळत बसत नाही. तुम्हीच काय ते हळहळताय, कारण त्यातली कितीतरी तुम्ही फोडली होती.

आता दोन महिने पुढे या.

आषाढ. समुद्राची गाज घरात बोलणं ऐकू देत नाही. इरलं पाठीवर घेऊन तुम्ही सकाळपासून लावणीला वाकलेले आहात, गुडघ्यापर्यंत चिखल, बोटं पांढरीफटक, कमरेचा काटा ढिला झालेला. घरी येता तर भिंतींना ओल, कपड्यांना कुबट वास, चुलीतलं लाकूड धुमसतंय आणि धुराने डोळे चुरचुरतायत. नारळ सोडला तर घरात ताजं असं काही नाही. पानात येते उकड्या तांदळाची गरम पेज. शेजारी खारातली कैरी, आक्रसलेली, बोट लावलं तरी तोंडाला पाणी सुटेल अशी. निखाऱ्यावर भाजलेला खारा बांगडा कुस्करून त्यात ओलं खोबरं, कांदा आणि सोल चुरडलेलं. आणि उन्हाळ्यात मातीत पुरून ठेवलेल्या फणसाच्या आठळ्या, राखेत भाजलेल्या.

पहिला घास घ्या. खारट, मग आंबट, मग पेजेची गोडसर ऊब, आणि तो उग्र वास, जो वैशाखात तुम्हाला सहन होत नव्हता. आता त्यानेच भूक खवळते. एका बांगड्यावर वाडगाभर पेज संपते, कारण तो इतका खारा आहे की चिमटीचिमटीनेच खावा लागतो. थोड्या मासळीत पुष्कळ माणसं जेवतात. आजी बरणीत डोकावून अंदाज घेते. चतुर्थीला माणसं येतील, तेव्हा कढीला सोलं पुरली पाहिजेत. म्हणून दुसऱ्यांदा मागितलंत तर पेज मिळेल, सोल मिळणार नाही.

तुम्ही परतलात की हे करून बघा, गच्चीत किंवा उन्हाच्या खिडकीत. मे महिना उजाडला की पिकलेले, घट्ट रातांबे आणा. धुऊन पुसून कोरडे करा, फोडा, गर वेगळा काढा. गराच्या रसात साधारण दहावा भाग जाडं मीठ. भांडं काचेचं किंवा चिनी मातीचं. पितळ-ॲल्युमिनियम नको, आंबट त्याला खातं. सालं रात्री रसात, दिवसा उन्हात. पाच पुटं झाली की दाबून बघायला लागा. पिळल्यावर रस आला तर अजून ऊन. आणि दुपारी वारा पडला, तर वर बघा आणि सुपं आत घ्या.