कॅक्स्टनचे पत्रक

सण जवळ आला, की मिस्सानंतर चर्चच्या दारात आपल्या हाती एखादे पत्रक पडते. उन्हाळा असला तर त्याचा पंखा होतो, आणि घरी पोहोचेपर्यंत बोळा. छापील कागदांत इतका अल्पायुषी कागद दुसरा नसेल. तरीही असाच एक कागद पाच शतकांहून अधिक काळ टिकून राहिला आहे, आणि त्याचा जन्म एका मठाच्या सावलीत झालेला आहे.

विल्यम कॅक्स्टन हा मूळचा इंग्रज कापड-व्यापारी. त्याची उमेदीची वर्षे ब्रूज शहरात गेली. पन्नाशीच्या सुमारास, १४७१-७२ मध्ये, त्याने कोलोन येथे मुद्रणकला आत्मसात केली आणि १४७६ मध्ये लंडनजवळच्या वेस्टमिन्स्टर मठाच्या आवारात इंग्लंडमधील पहिला छापखाना थाटला. पुढे वर्षभरात त्याने धर्मगुरूंसाठी एक पुस्तक छापले आणि त्याच्या विक्रीसाठी पत्रक काढले. इंग्रजी भाषेतील आज उपलब्ध असलेली सर्वांत जुनी छापील जाहिरात म्हणून ते ओळखले जाते.

पुस्तक होते उपासनेच्या क्रमाचे. ईस्टरचा रविवार २२ मार्च ते २५ एप्रिल यांपैकी कोणत्याही दिवशी येऊ शकतो. म्हणजे ३५ शक्यता. त्याबरोबर प्रायश्चित्तकाळ, स्वर्गारोहण, पेन्टेकॉस्ट हे सारे मागेपुढे सरकतात आणि ठरलेल्या तारखांच्या सणांवर येऊन आदळतात. २०२४ मध्ये २५ मार्चचा देवदूताच्या निरोपाचा सण पवित्र सप्ताहात आला, म्हणून तो ८ एप्रिलला साजरा झाला, हे अनेकांना आठवत असेल. अशा वेळी कोणता सण राखायचा आणि कोणता पुढे ढकलायचा, याचे नियम त्या पुस्तकात होते. इंग्लंडच्या बहुतांश भागात तेव्हा सॉल्झबरी धर्मप्रांताची उपासनापद्धती रूढ होती. तिच्या नियमांत एक चूक झाली, तर वेदीवरचा धर्मगुरू भलत्याच दिवशी भलताच सण करून बसे.

आता पत्रक पाहू. आकार पोस्टकार्डाएवढा, मजकूर जेमतेम सात ओळींचा. धर्मगुरू असो वा प्रापंचिक, ज्याला सॉल्झबरी पद्धतीचे हे पुस्तक हवे असेल त्याने वेस्टमिन्स्टरच्या दानधर्म-वाटपाच्या आवारात तांबड्या पट्ट्याच्या खुणेच्या घरी यावे. पुस्तक नीट तपासून शुद्ध केलेले आहे आणि ते स्वस्तात मिळेल, एवढेच तो सांगतो. कोणासाठी, काय, कसे, कुठे आणि कोणत्या भावात, या पाचही प्रश्नांची उत्तरे एका वाक्यात आली. स्वतःची स्तुती नाही, मुद्रकाचे नावसुद्धा नाही. ज्यांना वाचता येत नव्हते, त्यांनाही ओळखता येईल अशी खूण मात्र आहे.

त्यातील खरी हुशारी मांडणीत आहे. हे पत्रक ज्या अक्षरांत छापले आहे त्याच अक्षरांत पुस्तकही आहे, असे कॅक्स्टन नमूद करतो. म्हणजे पत्रक हाच मालाचा नमुना! हस्तलिखितांवर वाढलेल्या गिऱ्हाइकाला छापील अक्षर डोळ्यांना रुचेल की नाही, ही शंका असणारच. तिचे निरसन कागद हाती घेताक्षणीच होते. ही युक्ती त्याची एकट्याची नव्हे. माइन्झचा मुद्रक पीटर शॉफर याने १४७० च्या सुमारास काढलेल्या पुस्तकांच्या यादीतही स्तोत्रग्रंथाच्या अक्षराचा नमुना तळाशी दिला होता. विक्रेता गावोगाव फिरणारा असल्यामुळे त्याच्या मुक्कामाचा पत्ता हाताने लिहून देत. उरलेल्या एका प्रतीवर ‘रानमाणूस’ नावाच्या खाणावळीचा पत्ता आजही वाचता येतो.

कॅक्स्टनच्या पत्रकाची शेवटची ओळ लॅटिनमध्ये आहे. हा कागद कृपया काढू नये, अशी ती विनंती. मजकूर इंग्रजीत, पण ही विनवणी मात्र धर्मगुरूंच्या आणि मठवासीयांच्या भाषेत, कारण ज्यांच्या भिंतीवर तो लागणार त्यांनाच ती करायची होती.

त्या विनवणीला इतिहासाने विलक्षण मान दिला. १५४९ मध्ये सहाव्या एडवर्ड राजाच्या कारकिर्दीत इंग्रजी प्रार्थनापुस्तक सक्तीचे झाले आणि १५५० च्या कायद्याने जुनी उपासनापुस्तके नष्ट करण्याची आज्ञा निघाली. ज्या पुस्तकाची जाहिरात होती, त्याची आज केवळ काही सुटी पाने उरली आहेत. जाहिरात मात्र दोन प्रतींत शाबूत आहे. एक ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात, दुसरी मँचेस्टरच्या जॉन रायलंड्स ग्रंथालयात.

याच १५४९ च्या सुमारास, सॉल्झबरी ज्या परगण्यात आहे त्याच विल्टशरमध्ये, एक बालक जन्मले. तेच पुढे येशूसंघीय फादर थॉमस स्टीफन्स झाले, १५७९ मध्ये गोव्यास आले, आणि १६१६ मध्ये राशोल येथे त्यांचे ‘क्रिस्तपुराण’ मराठीत छापले गेले. त्या पहिल्या आवृत्तीची एकही प्रत आज ज्ञात नाही. हस्तलिखितांतून ते जतन करणाऱ्या हातांमुळेच ते आपल्यापर्यंत पोहोचले.

काय टिकेल, हे छापणाऱ्याच्या हाती नसते. राखणाऱ्याच्या हाती असते. आपल्या धर्मग्रामाचे पत्रक लिहिणाऱ्याने कॅक्स्टनचा नेमकेपणा आणि खरेपणा घ्यावा. ते हाती घेणाऱ्या आपण मात्र वर्षातून निदान एक पत्रक, मागे वर्ष लिहून, घरच्या बायबलमध्ये ठेवावे. आपण कोणता सण कसा साजरा केला, हे नातवंडांना कदाचित त्यातूनच कळेल.